मागच्या सीटशी जिंकलेला वाद

तीस वर्षांच्या संसारात मी बायकोशी घातलेला एकच वाद जिंकलो आहे, आणि त्या वेळी ती गाडीत नव्हती.

गोष्ट दोन वर्षांपूर्वीच्या आश्विनातली. रत्नागिरीतल्या शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवून मी नुकताच निवृत्त झालो होतो. हाताशी जुनी पण चालणारी गाडी होती, आणि डोक्यात कासचं पठार. फुलं सरत आली होती, पण आमच्यासाठी चार तरी थांबली असतील अशी माझी खात्री. दोन दिवसांची खोली ठरवली आणि सौ.ला, म्हणजे सुलभाला, ऐटीत सांगितलं.

ती म्हणाली, "अहो, पण परवा पौर्णिमा. नवान्न! दादाने नव्याला बोलावलंय."

तिचं माहेर मंडणगडकडचं. तिथे कोजागिरीला नव्या भाताच्या लोंब्या दाराला बांधतात, नव्या तांदळाची खीर करतात. आईवडिलांच्या पश्चात दादा दर वर्षी बहिणीला बोलावतो, आणि दर वर्षी माझं काहीतरी निघतं. कधी पेपर तपासणी, कधी ताप. (ताप खरा होता. फारसा नव्हता, पण खरा होता.) गेल्या पाच वर्षांत तिने माहेरचं नवं पाहिलं नव्हतं.

"येताना जाऊ की मंडणगडला!" मी म्हणालो.

"येताना नवं शिळं होतं," ती म्हणाली, आणि परसात जाऊन हापूसचं एक कलम घेऊन आली. दादासाठी. हे कलम आडवं करायचं नाही, डिकीत ठेवायचं नाही, त्याला वारा लागला पाहिजे. म्हणून दुसऱ्या दिवशी निघताना ते पुढच्या सीटवर बसलं. सुलभाने त्याला पट्टासुद्धा लावला! (मला पट्टा लाव म्हणून तिने कधी सांगितलेलं नाही.) ती स्वतः उशी आणि शाल घेऊन मागे बसली. आरशात बघावं तर मला फक्त पानं दिसत होती.

सावर्ड्यापर्यंत धुसफूस चालली. शेवटी तिने नंदावहिनीला, म्हणजे दादाच्या बायकोला फोन लावला आणि मला नीट ऐकू जाईल अशा बेताने सुरू केलं, "यंदाही नाही हो जमत वहिनी. यांना फुलं बघायचीयेत." तिला फोन कानाला लावून बोलता येत नाही, कानातलं टोचतं. ती स्पीकरवरच बोलते, त्यामुळे पलीकडचे सुस्कारेही गाडीभर ऐकू येत होते. मी रागाने एका हॉटेलसमोर गाडी थांबवली.

"चहा घेतेस?"

"नको. आणि आता कास येईपर्यंत मी तुमच्याशी एक शब्द बोलणार नाही."

"उत्तम!" म्हणून मी आत गेलो. दोन वडे, एक चहा, पुन्हा एक वडा. बाहेर येऊन बघतो तर मागे शाल डोक्यावरून ओढून घेतलेली. रागावली की ती अशीच बसते. मी काही न बोलता गाडी सुरू केली.

आता एक खुलासा करतो. मी शिक्षक आहे. समोरचा वर्ग गप्प आहे म्हणजे त्याला विषय समजतोय, अशा विश्वासावर मी अठ्ठावीस वर्षं काढली आहेत. त्यामुळे मागून शब्द येईना तसा मी खुलत गेलो.

"मंडणगडला आहे काय, सांग मला! डोंगर आणि तुझा दादा. दोघंही जागचे हलत नाहीत!"

मागून आवाज आला, "हं."

(हं हा काही शब्द नव्हे, म्हणजे तिची प्रतिज्ञा शाबूत होती.)

"मी तिथे जावई म्हणून जातो आणि गडी म्हणून राबतो. मागच्या वेळी कौलं शाकारायला चढवलं मला! तुझा दादा खाली उभा राहून फक्त बोटं दाखवतो!"

"हं, हं."

"आणि वहिनीची ती खीर! सुलभा, चमचा उभा राहतो त्यात. खीर नव्हे ती, गिलावा आहे!"

या वेळी मागून काहीतरी फिस्सकन झालं. हसली! चिपळूण मागे पडलं तसा मला जोर चढला. दादाचं घोरणं झालं, दादाचा कंजूषपणा झाला, आमच्या लग्नात दादाने दिलेलं आणि कधीच न चाललेलं भिंतीवरचं घड्याळ झालं. मी मुद्दे मांडत होतो आणि मागून एकही मुद्दा परत येत नव्हता! पोफळीच्या अलीकडे आल्यावर मी समारोपच केला. "म्हणजे तुला पटलंय. छान. माणसाने मोकळेपणाने मान्य करावं."

मागून आता हंसुद्धा नाही. मला तिची दया आली. जिंकलेल्या माणसाने मोठं मन दाखवावं म्हणून एका टपरीशी थांबलो, गरम भजी घेतली, मागचं दार उघडलं आणि म्हणालो, "घे गं, राग सोड आता."

शालीखाली उशी होती. उशीशेजारी तिचा फोन होता. सुलभा नव्हती.

भजी हातातून पडली. खरं सांगतो, इतका घाबरलो होतो की सीटखाली वाकून पाहिलं! मग माझ्या फोनकडे हात गेला, पण फोन करायचा कुणाला? तिचा फोन इथेच. दादाला करून काय सांगू? तुमची बहीण कुठेतरी पडली, सापडली की कळवतो?

गाडी उलटी फिरवली. तोंडाने रामरक्षा चालू होती, तीही मधले श्लोक गाळून. चिपळूणच्या आसपास समोरून एक एसटी गेली. खिडकीतून कुणी तरी जोरजोरात हात हलवत होतं. आपली माणसं किती प्रेमळ असतात, असा एक विचार मनात येऊन गेला.

सावर्ड्याला हॉटेलवाले रज्जाकभाई गल्ल्यावर शांत बसले होते.

"भाई, इथे एक बाई... निळी साडी..."

"कलमाला पाणी न्यायला मागच्या नळावर गेल्या होत्या, त्या? बाटली भरून आल्या तर गाडी गायब!" त्यांनी मला खालून वरपर्यंत पाहिलं. "साहेब, मी वीस वर्षं मस्कतला होतो. बायको इथे होती. पण ती कुठे आहे, ते मला माहीत होतं हो."

"आता कुठे आहे ती?"

"तुमची? माझ्या फोनवरून भावाला फोन केला, वडा खाल्ला, मंडणगडच्या एसटीत बसल्या. निरोप आहे. कलम आडवं करू नका, पाणी घाला."

"आणि माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठी काही नाही."

दुपार कलली तेव्हा मी आणि कलम मंडणगडला दादाच्या अंगणात पोचलो. ओटीवर सुलभा चहा पीत बसली होती. मी धावत गेलो. "अगं, मी किती घाबरलो! फोन तरी करायचास मला!"

"केला असता. पण तुम्ही बोलत होतात ना," ती म्हणाली. "अर्ध्या तिकिटात पूर्ण माहेर मिळालं मला. कलम कसंय?"

मी बोलत होतो, हे हिला काय माहीत? तेवढ्यात दादा बाहेर आला. "या भावोजी! डोंगर बघितलात ना? आहे ना जागच्या जागी?"

मी निमूट कलमाचा पट्टा सोडायला गाडीकडे वळलो.

झालं होतं ते असं. पाणी आणायला उतरताना सुलभाने फोन बंद न करता उशीशेजारी ठेवला होता आणि वर शाल टाकली होती. वहिनीचा फोन लागेना म्हणून तिने रज्जाकभाईंच्या फोनवरून दादाला फोन केला, तर दादा म्हणाला, "तू कुठून बोलतेस? तू तर इथे वहिनीच्या फोनवर आहेस! भावोजी तुला काय काय ऐकवतायत!" त्यावर माझी पत्नी म्हणाली, "त्यांना थांबवू नका. आत्ता कळलं तर परत येतील नि मला कासला नेतील. मधूनमधून हं म्हणा."

मग पोफळीला रेंज जाईपर्यंत नंदावहिनी हं म्हणत राहिल्या. आणि ऐकायला घरचे होतेच, शिवाय भात झोडायला आलेली सहा माणसंही होती.

"कलमाचा खड्डा तेवढा तुम्हीच खणा भावोजी," दादा माझ्या हातात पहार देत म्हणाला. "मी बोट दाखवतो."

खाली सगळा जांभा खडक. दिवस मावळेपर्यंत मी गुडघाभर खणलं. दादाने खरंच फक्त बोट दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सुलभाने दाराला लोंब्या बांधल्या. बांधता बांधता तिने डोळे पुसले, मग माझ्याकडे बघून हसली. पाच वर्षं आपण हिला यापासून अडवलं, याची मला मनापासून लाज वाटली. कास गेलं खड्ड्यात म्हटलं. (खड्डा तयारच होता.) पानावर बसलो. वहिनींनी सगळ्यांसमोर माझ्या वाटीत खीर वाढली, तिच्यात चमचा उभा केला आणि हात काढून घेतला.

चमचा उभा राहिला! पण आपलं म्हणणं खरं ठरल्याचा आनंद दाखवायची ती वेळ नव्हती. मी तीन वाट्या खाल्ल्या.

कलमाने मूळ धरलंय. दर नव्याला आम्ही जातो, आणि कलमाला आळं करायचं काम माझ्याकडे असतं. सुलभा आता पुढे बसते. तरीही गाडीत काही मुद्दा सुचला, तर बोलण्याआधी मी नीट वळून खात्री करून घेतो की ती शेजारी आहे. ती असली, की गप्प बसतो.