घड्याळ माह्याच मनगटावर

मैत्रिणींनो, आज मंगरूळपीरहून माह्या मास्तरकीच्या पगारातून घड्याळ घेतलं. सोनेरी, चपटं, इतकं हलकं की हातात हाय का नाई कळत नाई.

दुकानदार म्हणे, "नवरदेवासाठी ना? पट्टा मोठा टाकतो." आमच्याकडं लग्नात जावयाले घड्याळ द्याचीच रीत, अन् माहं लगन ठरलेलं.

म्या हात पुढं केला. "माप याचं घ्या."

घरी येतो तं होणाऱ्या सासूबाई बसलेल्या. बाबा मले डोळ्यानंच "काढ, काढ" म्हणून राह्यले.

सासूबाईनं मनगट धरलं. "मंग आमच्या पोरानं काय घालावं?"

"त्याच्या पगारातलं."

त्या गेल्यावर बाबा म्हणे, "चुकलं तुहं." तुमीच सांगा, चुकलं का माहं? चुकलं असंल तरी घड्याळ काढणार नाई.