बीजींकडे नसलेलं उत्तर

ज्या ऑफिसात डोळ्यांवर हेडसेट चढवून माणसं रिकाम्या खुर्चीशी बोलतात, तिथे किस्से साठणार नाहीत तर काय!

मोहालीत आमचं काम असं: नाझींच्या छळछावणीतून वाचलेल्या एका ज्यू आजींनी परदेशातल्या एका स्मारकासाठी शेकडो उत्तरं रेकॉर्ड करून ठेवलीत. हेडसेट घातला की त्या समोर बसलेल्या दिसतात. आपण विचारायचं, कॉम्प्युटर नेमकं उत्तर शोधून हिंदीत ऐकवतो. प्रश्न हिंदी, पंजाबी, मराठीतले चालावेत, हे बघणं आमच्याकडे. ऑफिसात आजींचं नाव 'बीजी', म्हणजे पंजाबीत घरातली वडीलधारी आई-आजी.

*

पहिल्याच दिवशी हेडसेटचा पट्टा माझा सहकारी गुरमीतच्या पगडीवर बसेना. बॉस म्हणाले, "टेस्टिंगपुरती काढ ना यार!"

गुरमीतने शांतपणे कात्री मागितली. पट्टा कापला, मध्ये इलॅस्टिक जोडलं. "पगडी यहीं रहेगी जी. बीजी के सामने नंगे सिर नहीं बैठना."

*

शेजारच्या चंदीगडच्या सेक्टर ३४ मधली कोचिंग क्लासची मुलं टेस्टिंगला आली. एकाने टेचात विचारलं, "ये हम क्यों पढ़ें? हमारे यहाँ थोड़े ही होगा!"

बीजी म्हणाल्या, "हम भी यही कहते थे."

पोरगं पुढचे प्रश्न विसरलं.

*

त्याच बॅचमधली एक मुलगी: "आपने उन्हें माफ़ कर दिया?"

बीजी: "मरनेवालों से पूछिए. अगला सवाल?"

*

मग नांदेडहून माझी आई आली. हौसेने हेडसेट घातला, पदर सावरला आणि म्हणाली, "जेवलात का?"

कॉम्प्युटरला उत्तर सापडलं नाही. मग ठरलेलं वाक्य: "इसका जवाब मेरे पास नहीं है."

आई माझ्यावरच उखडली. "ज्यांना उपाशी ठेवलं, त्यांना एवढंही कुणी विचारलं नाही?"

*

उत्तर न सापडलेल्या प्रश्नांची यादी दर शुक्रवारी स्मारकाकडे जाते; बीजी अजून आहेत, त्यातल्या काहींची उत्तरं नव्याने रेकॉर्ड करतात. बॉस म्हणाले, "जेवणाचं काढून टाक. क्लायंट हसेल."

"नाही काढणार."

"नोकरी प्यारी नहीं है?"

"आहे सर. तरी नाही काढणार."

तो प्रश्न मी यादीत सगळ्यात वर टाकला, आईच्या नावासकट. पुढचे तीन आठवडे बॉस माझ्याशी फक्त ईमेलवर बोलले.

आणि नवा व्हिडिओ आला! बीजी त्याच खुर्चीत. आधी पोटभर हसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "खा लिया. रोज़ पेट भर खाती हूँ. वे लोग यही तो नहीं चाहते थे!"

मी लगेच आईला फोन लावून ऐकवलं. तिने ते पुन्हा एकदा लावायला सांगितलं.

मग म्हणाली, "बरं झालं. काय खाल्लं, ते विचार!"