माझं पत्रक आणि तिची दोन कुत्री

अन्याय झाला तो एका मेंढपाळ बाईवर. दिवाळीनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी, दुपारी साडेतीनच्या सुमारास, घनसावंगी तालुक्यातल्या आमच्या गावच्या शिवारात तिची दोन कुत्री काठ्यांनी ठेचून मारली गेली आणि तिला कळपासकट हाकलून दिलं गेलं. मारणाऱ्यांच्या खिशात एक गुलाबी पत्रक होतं. ते मी लिहिलेलं होतं. मथळा : ‘गावात पिसाळलेली कुत्री आणली कोणी!!!’ प्रश्न विचारून पुढं तीन उद्गारचिन्हं. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो, म्हणजे जालना जिल्ह्याएवढाच, आणि दोघांचाही विकास व्हायचा होता.

मारताना मी तिथं नव्हतो. घनसावंगीला छापखान्यात त्याच पत्रकाच्या आणखी प्रती काढून घेत होतो. लढा पेटला की मी कायम छापखान्यातच असतो.

झालं होतं ते असं. माझ्या आत्याचं ठिपक्यांचं पिल्लू पिसाळलं. आधी कोपऱ्यात लपून बसलं, मग लाळ गाळत सुटलं, तिच्या म्हशीला चावलं, शेजारच्या गुरुजींच्या पोटरीला चावलं आणि मेलं. लाळ माझ्याही हाताला लागली होती, म्हणून गुरुजी आणि मी जालन्याला जाऊन पोटात सुया घेत होतो. प्रत्येक सुईला माझा संताप वाढत होता. पिल्लू पिसाळायच्या चारच दिवस आधी त्या बाईचा कळप शिवारात येऊन बसला होता. आणखी काय पुरावा पाहिजे?

जनावरांचे सरकारी डॉक्टर म्हणाले, “अरे, चार दिवसांत कुत्रं पिसाळत न्हाई. चावल्यावर कित्येक आठवडे जातात, कधी महिने. पिल्लू आणलं कुठून?”

“डॉक्टर, तुम्ही विषय बदलून राह्यले,” मी म्हणालो. पत्रकात त्यांनाही एक परिच्छेद दिला : ‘झोपलेली यंत्रणा’. या झोपलेल्या यंत्रणेनं पिल्लाचं डोकं बर्फात घालून प्रयोगशाळेला पाठवलं, आणि मंगळवारनंतर त्या दोन कुत्र्यांचीही.

बाई गाव सोडताना वेशीवर मला भेटली. “दादा, माझी कुत्री बिलकुल चांगली होती. खात होती, पाणी पीत होती. लिहायच्या आधी बघाया तरी यायचं.”

“हा वैयक्तिक प्रश्न न्हाई, बाई,” मी म्हणालो. हे वाक्य मला आमच्या संघटनेच्या शिबिरात शिकवलं होतं.

उन्हाळ्यात प्रयोगशाळेतली एक मुलगी डॉक्टरांकडं आली. जागोजागच्या रेबीजच्या विषाणूंची जुळवणी करून तो देशात कुठून कुठं जातो, हे ती शोधत होती. डॉक्टरांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. ‘जनुकीय’ हा शब्द ऐकूनच मी हाताची घडी घालून बसलो.

“तुम्ही पत्रकंवाले ना? मग सोपंय,” ती म्हणाली. “देवीच्या नावाची पत्रं येतात बघा, नकलून अकरा जणांना पाठवा म्हणून. नकलताना एकाची चूक होते. पुढचा ती चूक तशीच उतरवतो, वर स्वतःची एक घालतो. चुका जुळवल्या की कुणाचं पत्र कुणाकडून आलं ते कळतं. विषाणूही असाच आपल्या नकला काढत जातो.”

“बरं, मंग?”

“त्या बाईच्या कुत्र्यांत रेबीज नव्हताच. पिल्लात आहे. पण तो इकडच्या, परतूर-घनसावंगीच्या नमुन्यांशी जुळत नाही. भोकरदनकडच्यांशी जुळतो. एवढ्या लांब कुत्रं चालत येत नाही सहसा. बहुतेक कुणीतरी गाडीत घालून आणलं असेल.”

पिल्लू कुठून आणलं, हे डॉक्टरांनी तिच्यासमोर पुन्हा विचारलं नाही. भला माणूस.

त्या दिवाळीच्या आधीच्या श्रावणात आमचं शिबिर भोकरदनला होतं. परत येताना बाजारातलं एक ठिपक्यांचं पिल्लू मी आत्यासाठी उचललं. जालन्यापर्यंत काळी-पिवळी जीपमध्ये मांडीवर, पुढं पत्रकांच्या पिशवीत. ती मुलगी ‘बहुतेक’ म्हणाली. मला त्या ‘बहुतेक’ची गरज नव्हती. देशात रेबीज कसा पसरतो याचा शोध लागायचा तेव्हा लागो, आमच्या गावात तो ‘जागे व्हा’ लिहिलेल्या पिशवीतून आला.

मी नवं पत्रक काढलं, ‘चूक माझी’, आणि ग्रामपंचायतीपुढं उभं राहून वाचलं. एकजण म्हणाला, “पहिल्यात मजा होती, गड्या. ह्याच्यात दम न्हाई.” पहिलं पत्रक त्याला तोंडपाठ होतं. चांगलं लिहिल्याबद्दल मला आयुष्यात मिळालेली ही एकमेव दाद.

मग परतूरच्या अलीकडं त्या बाईला गाठलं आणि पत्रक तिच्या हातात दिलं. तिनं ते उलटंसुलटं करून परत केलं. “कागद मला काय कामाचा, दादा? तुझ्या गावात कापणी झालेली वावरं रिकामी हैत. तिथं मेंढरं बसू देतेत का, तेवढं सांग.”

मी सात घरं फिरलो. सगळीकडं एकच उत्तर : “बघू.” आत्याकडंसुद्धा. तिची म्हैस कशी पिसाळून मेली, ते मला माहीत आहे; त्यामुळं तिच्याशी वाद घालायची माझी लायकी नव्हती.

तुमच्याशी घालतो. तुमचं वावर आमच्या गावात असो की दुसऱ्या कुठल्या, पीक निघाल्यावर ती, किंवा तिच्यासारखी कुणी, बांधावर येऊन विचारील. त्याच्या आधी स्वतःच्या कुत्र्याला लस टोचून आणा. आणि ती विचारील तेव्हा ‘बघू’ म्हणू नका. ‘बसव’ म्हणा.