भिडेखातर चाललेलं अंतर

हृदयाच्या स्नायूंच्या आजारावरच्या एका नव्या औषधाचा आमचा अभ्यास चालू आहे. रुग्णाला कॉरिडॉरमध्ये ठरावीक वेळ चालायला लावायचं आणि किती अंतर झालं ते मोजायचं, हे माझं काम. दम लागला तर थांबा, असं मी आधीच बजावून ठेवते.

आज सावंतकाका काकूंना घेऊन आले. देवळाबाहेर काढाव्यात तशा त्यांनी दाराशी चपला काढल्या आणि चालू लागले. वळताना एकदा भिंतीला हात टेकला, पण थांबले नाहीत. अंतर गेल्या खेपेपेक्षा बरंच जास्त भरलं. औषध लागू पडतंय बहुतेक! मी मनातून हरखले.

"अहो, एवढी धाप लागली, मग थांबला का नाहीत?" काकूंनी पाणी देत विचारलं.

"मॅडम एवढ्या आशेने घड्याळ धरून उभ्या. त्यांचा अभ्यास नको का चांगला व्हायला?"

स्नायू किती दुबळा झालाय हे आम्हाला मशीनवर दिसतं. माणसाची भीड कशात दिसणार? ती तर माझ्या समोरून, अनवाणी, ओठ काळेनिळे करून चालत होती, आणि मी घड्याळ बघत होते.

माझा उतरलेला चेहरा पाहून काका खुर्चीतून उठायला लागले.

"कमी पडलं का, मॅडम? परत चालू?"