शेवटचं कडवं

मी या भागातला फार मोठा गायक होतो, ही गोष्ट फक्त दोघांना माहीत होती. दोघंही बैल होते.

शाळा दुसरीपर्यंत. गाणी मात्र मी स्वतः रचत होतो, तेही वखर हाकता हाकता. मला एका जागी बसून काही सुचतच नाही. वखराच्या तासाच्या या टोकाला गाणं सुरू करायचं, पलीकडच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, संपवायचं. आणि शेवटच्या कडव्यात आपलं नाव घालायचं, कारण रचणाऱ्यानं नाव घालायचं हा आमच्याकडचा रिवाजच!

"दशरथ म्हणे, ऐका जन हो, शिकवा लेकी-पोरं हो!"

हे म्हटलं की कासरा ओढायचा, बैल वळवायचे, की पुढचं गाणं सुरू. लाल्या आणि मोऱ्या बिचारे काही न बोलता ऐकत. (पुढं फार बोलले!)

हॉटेलातल्या रेडिओवर एकदा गिटार ऐकली आणि माझी झोप उडाली. मी बेंजोला माईक बांधला, माईकला बॅटरी, बॅटरीला भोंगा. असा झणझणाट निघाला की शेजाऱ्याची म्हैस आटली! बा म्हणाला, "अबे, हे गानं हाय का पत्रे फाडून राह्यला?"

अशात लग्न जमलं, इंझोरीच्या शांताशी. सासऱ्यानं एकच अट घातली, "जवाईबापू, मांडवात गानं-बिनं नाई. मी लोकाइले सांगतलं, पोरगा शेतकरी हाय."

मी शब्द पाळला. मांडवात गायलोच नाही, मांडवाबाहेर गायलो! माझ्या वरातीत दुसऱ्यानं गावं? नवरदेव झालो म्हणून काय झालं? बैलबंडीत भोंगा बांधला, मांडीवर बेंजो घेतला, बानं कासरा धरला. मांडव समोर दिसला, लोक हार घेऊन उभे, गाणं शेवटाला आलेलं, आणि मी तान घेतली, "दशरथ म्हणे..."

बैल गर्रकन वळले आणि गावाबाहेर सुटले!

"अवो, नवरदेव पयाला!" मागं एकच गलका. बा कासरा ओढून ओढून लाल झाला. "हे काहून फिरले बे?"

मला तेव्हा उमगलं. "बा, धुरा समजले ते! फिरवाचे असन तं कडवं पुन्हा म्हना लागते."

"मंग म्हन ना लवकर!"

पण शेवटचं कडवं मधूनच कसं म्हणायचं? शिस्त म्हणजे शिस्त! मी पहिल्यापासून सुरू केलं. गाणं लांब, रस्ता लांब. पार नाल्यापर्यंत गेलो तेव्हा माझं नाव आलं आणि बैल वळले.

मांडवात बौद्धाचार्य घड्याळ पाहत होते. त्यांना मंगरूळपीरच्या बसनं दुसऱ्या लग्नाला जायचं होतं. सासरा ओरडला, "बस निंघाली का सोयरीक मोडली समजा!" बंडी मांडवाशी आली, मी उतरायला पाय खाली टाकला, आणि गर्दीतून कोणीतरी मेल्यानं हाळी दिली, "वन्स मोर!"

आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला वन्स मोर दिला होता हो! मी काय दगड होतो?

"दशरथ म्हणे..."

यावेळी मात्र बैल वळण्याआधी पांढऱ्या लुगड्यातली शांता धावत आली आणि तिनं लाल्याची वेसणच धरली. "गानं पायजे का बायको पायजे?"

"दोनी."

"मंग आजपासून शेवटचं कडवं बंद. नाव काढून टाकाचं."

"नाव काढून टाकलं तं गानं कोनाचं, हे लोकाइले कसं समजन?"

"बैलाइले समजलं ना? बस झालं!"

बौद्धाचार्यांनी चपला पायात घातल्या. मी कबूल झालो. लग्न लागलं, बस मिळाली.

तेव्हापासून माझी गाणी बिननावी फिरतात. परवा एका लग्नात कोवळा गायक माझंच गाणं म्हणत होता. मी पंगतीतून उठलो, "हे माह्यं गानं हाय!"

तो हसला, "बाबा, मंग शेवटी तुमचं नाव काहून नाई?"

माझा संताप झाला. ताट सोडून तरातरा घराकडं निघालो. कोणाच्या बापासाठी थांबणार नव्हतो!

मागून शांतानं हळूच गुणगुणलं, "दशरथ म्हणे, ऐका जन हो..."

आणि मी मुकाट्यानं वळलो.