पुठ्ठ्याची म्हैस

पुठ्ठ्याचा नवा तुकडा हातात आला की ताई आधी त्यावरून अंगठा फिरवायच्या. आतल्या नळ्या उभ्या आहेत की आडव्या, ते बघायला. मग कटर उचलायच्या. कापताना चुकलं की आम्हीच हळहळायचो आणि त्या म्हणायच्या, "असू दे रे, पुठ्ठाच आहे." लगेच दुसरा तुकडा ओढायच्या.

महापेला एका इमारतीत आमचं दिव्यांचं ऑफिस होतं. ताई नमुने करायच्या आणि मी त्यांच्यात सेन्सर नि वायरी बसवायचो. कुठलीही वस्तू साच्यात जाण्याआधी पुठ्ठ्याची करून बघायची, ही तिथली रीत. एका वर्षी वरून हुकूम आला, प्राण्याच्या आकाराचा स्मार्ट दिवा हवा. स्मार्ट म्हणजे काय, तर अंधारात कुणी हललं की आपणहून लागायचा आणि फोनवरून रंग बदलायचा. हल्ली माणसाला उठून बटण दाबायचाही कंटाळा येतो. त्यात मीही आलो, तेव्हा जास्त बोलत नाही.

साहेबांनी पांडा, ससा आणि घुबड सांगितलं. ताईंनी ते मुकाट्यानं करून दिलं आणि कुणी न सांगता एक म्हैस केली. पाय दुमडून बसलेली, मान जराशी वळवलेली. पोटातला दिवा लागला की पुठ्ठ्याच्या फटींतून पिवळा उजेड फरशीवर पसरायचा.

"ताई, म्हैस कोण घेणार?" साहेबांनी हसत विचारलं.

"नका घेऊ. बघा तरी," असं म्हणून ताई शिंगाला गोंद लावत राहिल्या.

मला कारण माहीत होतं. ताई नावड्याच्या. सरकारी प्रकल्पात जमीन गेली, गोठा गेला आणि त्या म्हाताऱ्या आईला घेऊन तिथल्याच कॉलनीतल्या तिसऱ्या मजल्यावर राहायला आल्या. आई हळूहळू सगळं विसरत चालली होती. म्हशी मात्र विसरली नव्हती. रात्री उठायची, म्हशी बांधल्यात का बघायला दार उघडायची आणि जिना उतरायची. एकदा तर ट्रकच्या रस्त्यावर उभी सापडली. कुलूप लावून पाहिलं, तर दार बडवून शेजार जागा करायची. रात्रभर कान दारापाशी ठेवून ताई सकाळी ऑफिसला यायच्या. अशी झोप उडालेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती बोलतात, हसतात, कामही चोख करतात, फक्त बोललेलं त्यांच्यापर्यंत जरा उशिरा पोचतं. जेवणाच्या सुट्टीत ताई डबा उघडायच्या आणि झाकण हातात धरूनच डुलकी घ्यायच्या. आम्ही कुणी उठवायचो नाही.

"आई उठली आणि समोर म्हैस बसलेली दिसली, तर कशाला जाईल ती खाली?" त्या मला म्हणाल्या. "तू फक्त सेन्सर नीट लाव. तिचा पाय खाली टेकला की उजेड पडला पाहिजे. एकदम नको, हळूहळू. नाहीतर घाबरेल."

मी तसा लावून दिला. ट्रायलसाठी म्हणून साहेबांना सांगून त्या म्हैस घरी घेऊन गेल्या. पुढच्या आठवड्यात ताईंचा चेहरा निराळाच दिसायला लागला. "काल उठली," त्या सांगायच्या, "म्हशीकडे बघितलं, 'बस गं बस' म्हनाली नि परत झोपली." हे सांगताना त्यांचं 'म्हणाली'चं 'म्हनाली' व्हायचं. एरवी ऑफिसात त्या फार जपून बोलायच्या.

दिवाळीनंतर लगेच क्लायंट येणार होता. त्याला म्हैस आवडली तर ती साच्यात जाणार होती, पक्की, न मोडणारी. ताईंनी सगळी आशा त्यावर लावली होती. पुठ्ठा किती दिवस टिकणार, हे त्यांच्याइतकं कोण जाणणार!

सुट्टी संपली आणि ताई भलीमोठी प्लास्टिकची पिशवी घेऊन आल्या. टेबलावर उपडी केली. आतून चिंब भिजलेला, फुगलेला गोळा निघाला. एक शिंग गळून पडलं होतं आणि पाठीवर गेरूचे तांबडे हात उमटले होते.

"आईनं धुतली," ताई म्हणाल्या. "पाडवा होता ना."

पाडव्याला जनावरं धुवायची आणि अंगावर गेरूचे हात उठवायचे, ही त्यांच्या गावची रीत. म्हातारीनं ती चुकवली नव्हती. ताई खाली दूध आणायला गेलेल्या, तेवढ्यात तिनं म्हैस मोरीत नेऊन काथ्यानं घासली होती. आम्ही सगळे हसलो. ताईही हसल्या, आणि हसता हसता खुर्चीत बसून त्यांनी डोळे मिटून घेतले. मला फार वाईट वाटलं.

क्लायंट आला तेव्हा म्हैस खिडकीत वाळत होती. त्यानं पांडा पाहिला, खूश झाला. निघताना त्याचं खिडकीकडे लक्ष गेलं. "हा काय, हिप्पो का?"

सशाचा कान जरा आखूड करा म्हटलं तरी साहेबांना सुनावणाऱ्या ताई. मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

"हो," त्या म्हणाल्या.

पांडा साच्यात गेला. खूप खपला म्हणतात. मी ताईंच्या म्हशीला नवा सेन्सर बसवून दिला, तिला घेऊन त्या घरी गेल्या. मग त्यांच्या रजा वाढत गेल्या आणि एक दिवस नोकरी सुटली. त्यांच्या टेबलावर कुरिअरची खोकी साचायला लागली.

पावसाळ्यानंतर कळंबोलीला काम निघालं होतं, तसाच पुढे नावड्याला गेलो. ताई फार वाळल्या होत्या. दोन तास झोप मिळाली तरी दिवस चांगला जातो, म्हणाल्या. आई पलंगावर बसली होती आणि पलंगाशी म्हैस. पहिली केव्हाच मोडली होती, मधे बऱ्याच झाल्या असाव्यात. ही टीव्हीच्या खोक्याची होती. ताई जमिनीवर बसून पुढच्या म्हशीचे कान कापत होत्या.

म्हातारीनं मला जवळ बोलावलं. ताईंकडे बोट दाखवून हळूच म्हणाली, "ही बाय कोन हाय, मना ठावं नाय. पन आपले म्हशीला लय जपते. बिचारी रातची निजत पन नाय. तिला सांग ना, जरा नीज म्हनावं. मी हाय ना जागी."

ताईंनी ऐकलं होतं. कात्री खाली ठेवून त्या उठल्या आणि आईच्या पायांवरची चादर त्यांनी सारखी केली.

"ऐकते हां, आजी," त्या म्हणाल्या आणि आईच्या पायाशी, पलंगाच्या कडेला, आडव्या झाल्या.