खंडेनवमीला तेल दिलेली बंदूक

मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात टूल रूमला आहे. साचे घासायचे, केसाएवढा फरक शोधायचा आणि तो काढून टाकायचा, हे माझं काम. असल्या माणसाच्या घरात कुठलीच वस्तू आणली तशी राहत नाही. मिक्सर मी उघडला, बायकोची शिलाई मशीन उघडली. दोन्ही आधी बरी चालत होती, हे ती अजून ऐकवते.

त्यामुळे लेक छर्र्याची बंदूक घेऊन आली आणि आठवड्याभरात म्हणाली, "पप्पा, ही नीट मारत नाय," तेव्हा मला खरं तर आनंदच झाला. क्लबातल्या पोरी तिला चिडवत होत्या, नाचता येईना अंगण वाकडं. मी मनात म्हटलं, थांबा जरा, अंगणच सरळ करतो.

सुटे भाग मागवले. मूळची स्प्रिंग काढून चांगल्या पोलादाची घातली. जुनं वायसर फेकलं, हवा जराही न सोडणारं नवं बसवलं. चाप बदलला, नेम धरायची मागची साइट बदलली, लाकडी दस्ता तिच्या गालाच्या मापानं घासला. मग बंदूक शिकंज्यात, घरच्या लोखंडी पकडीत, आवळून पाच छर्रे मारले. आधी ते चहाच्या बशीएवढ्या जागेत पसरायचे. आता शर्टाच्या बटणाखाली झाकले गेले. तो निशाणाचा कागद लेकीनं वहीत जपून ठेवला. त्यानंतर तिचे गुण चढतच गेले. जिल्ह्याच्या स्पर्धेतून राज्य स्पर्धेसाठी संघ निवडणार होते, आणि तिच्या वयोगटात तिचं हे शेवटचं वर्ष होतं. तिची निवड होणार, असं क्लबातले सर स्वतः म्हणाले.

स्पर्धा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होती. खंडेनवमीला आम्ही नेहमीप्रमाणे करमाडला, माझ्या वडिलांकडं गेलो. तिथं विळे, कुऱ्हाड, फवारणीचा पंप, माझे नट आवळायचे पाने, सगळं पाटावर मांडतात. वडील म्हणाले, "पोरीचं हत्यारबी मांड की. तिचं काम त्याच्यावरच हाय."

आता पूजेला मांडायचं ते आधी पुसून, तेल देऊन मांडायचं. कारखान्यातही त्या दिवशी आम्ही एकूण एक मशीन उघडतो, पुसतो, तेल पाजतो आणि मग झेंडूची माळ घालतो. कोरडं हत्यार पाटावर ठेवायला माझा हात धजत नाही. मी बंदूक उघडली, नळी पुसली, आणि नव्या वायसरजवळ, जिथं हवा दाबली जाते तिथं, चांगलं सढळ हातानं तेल सोडलं. लेकीनं विचारलं, "एक-दोन छर्रे मारून बघू का?" वडिलांनी हात आडवा केला. "पूजलेल्या हत्याराला दसरा होईस्तोर हात लावायचा नाय, माय." मीही मान डोलावली. कुंकू लागलेली बंदूक दोन दिवस विळ्यांच्या शेजारी पडून राहिली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी थेट स्पर्धेला गेली.

पहिला छर्रा सुटला. ह्या बंदुकीचा आवाज फट्ट असतो. हा कडाडला. नळी उघडली तेव्हा धुराची बारीक रेघ वर गेली. दाबलेली हवा तापते, तिच्यात तेल मिसळलं की ते पेटतं, आणि छर्रा भलत्याच जोरानं सुटतो. डिझेलचं इंजिन ह्याच नियमावर चालतं. आयटीआयच्या पहिल्या वर्षाला शिकवतात ते.

तिच्या कानात बोळे होते. तिला आवाज कळला नाही. छर्रे वर लागतात एवढंच तिला दिसलं, म्हणून तिनं साइट खाली घेतली. तेल जळत गेलं तसे छर्रे खाली यायला लागले. तिनं साइट वर केली, तर एक पुन्हा पेटून सुटला. मी उठलो. "साहेब, तेल—" एवढंच बोललो. पंचांनी ओठावर बोट ठेवलं आणि खुर्चीकडं दाखवलं. बंदुकीची तक्रार खेळाडूनंच हात वर करून करायची असते. ती हात वर करीना. ती फक्त दर छर्र्यानंतर बंदूक पेलणाऱ्या आपल्या डाव्या हाताकडं बघायची. एवढा लाचार मी कधी झालो नव्हतो. शेवटचे दहा छर्रे सुरेख लागले, पण तोवर संघ हातचा गेला होता.

मोटारसायकलवर घरी परतताना क्रांती चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा मी मागं वळून सगळं सांगितलं. तेल, धूर, माझी चूक.

"पप्पा, मला बरं वाटावं म्हणून सांगू नका. हात हलला माझा."

"अगं, खरंच तेल होतं."

"धूर मलाबी दिसला. मला वाटलं, पूजेतल्या उदाचा धूर नळीत राहिलाय." मग म्हणाली, "बंदुकीला नाव नाय ठेवायचं मला. तुमी एवढं केलं तिच्यासाठी."

घरी आल्या आल्या मी बंदूक शिकंज्यात लावली. म्हटलं, आता तुझ्या डोळ्यांनीच बघ. पाच छर्रे मारले. पाचही बटणाखाली. तेलाचा शेवटचा थेंब बंदूक स्पर्धेच्या हॉलमध्येच जाळून आली होती. लेक कागदाकडं बघून नुसती मान हलवत राहिली, आणि मला स्वतःच्याच कामाचा राग आला.

मग मी तेलाची कुपी काढली. म्हटलं, परत घालतो, परत पेटवून दाखवतो. तिनं माझ्या हातातून कुपी काढून घेतली, झाकण घट्ट लावलं आणि फळीवर ठेवून दिली.

आता रोज सकाळी ती भिंतीसमोर उभी राहते, पाण्यानं भरलेली बाटली डाव्या हातात धरून. हात थरथरायला लागेपर्यंत धरते. मी चहा घेऊन शेजारी बसतो. त्या हातात दुरुस्त करण्यासारखं काहीच नाही, हे ह्या घरात फक्त मला माहीत आहे.